हौदातलं जुनं पाणी

"काहीतरी इंग्लिशमध्ये बोल ना गं."

वहिनी झोपाळ्यावर बसून म्हणाल्या. मी त्यांच्या मागच्या अंगणातल्या माशांच्या हौदात उभी होते. गुडघ्यापर्यंत गाळ. हातात घमेलं. घमेल्यात काळा, पातळ, वास मारणारा चिखल आणि त्यात बदामाची कुजलेली पानं, एक फुटका फुगा, आइस्क्रीमच्या काड्या.

झोपाळ्याभोवती खुर्च्या मांडल्या होत्या. पुण्याहून पाहुणे आले होते. चहा चालला होता. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"ही आमच्या सुमनची मुलगी. आमच्या ईशाच्याच वर्गात आहे, आठवीत. पंचवीस टक्के कोट्यातली. पण इंग्लिश ऐका हिचं! बोल गं, लाजतेस काय?"

सुमन म्हणजे माझी आई, वहिनींकडे कामाला. ती हौदाच्या दुसऱ्या टोकाला वाकून खराट्याने फरशी घासत होती. तिचा हात थांबला. मान वर झाली नाही.

मी घमेलं काठावर ठेवायला गेले. एका काकांनी मोबाईल काढला होता. "राहू दे, राहू दे. तशीच बोल. मस्त दिसतंय."

मी तशीच बोलले. काय बोलावं ते सुचेना, म्हणून विज्ञानाच्या पुस्तकातला परिच्छेद म्हणून दाखवला. झाडं स्वतःचं अन्न कसं तयार करतात तो. पाठ होता. एक शब्द चुकला नाही. कोपरापर्यंत शेवाळ लागलं होतं आणि मी हिरव्या पानांबद्दल बोलत होते.

टाळ्या वाजल्या.

"चिखलातलं कमळ!" काका म्हणाले. सगळे हसले.

वहिनी खूश झाल्या. म्हणाल्या, "नाही तर काय, यांच्या लोकांना घाणीत हात घालायची सवयच असते. हिला आम्ही बाहेर काढलं."

मग त्यांनी कागदी बशीत केकचे दोन तुकडे ठेवून ती बशी हौदाच्या काठावर सरकवली. हातात दिली नाही. माझे हात घाण होते, हे खरं आहे. पण मी हात धुऊन आले तेव्हाही बशी काठावरच होती, आणि प्यायच्या पाण्यासाठी आमचा स्टीलचा ग्लास धुण्याच्या दगडाजवळ नेहमीसारखा पालथा घातलेला होता. तो ग्लास स्वयंपाकघरात कधी गेला नाही. आमचं आडनाव ऐकलं की लोकांना पुढचं काही विचारावं लागत नाही.

मी केक खाल्ला. आईने तिचा अर्धा मला दिला.

आजवर कुणाला सांगितलं नाही ते इथे सांगते. टाळ्या वाजल्या तेव्हा मला बरं वाटलं होतं.

*

आम्ही मूळचे पाथर्डीकडचे. माझ्या जन्माआधी आई-वडील ऊसतोडीला जायचे. मी झाले आणि आई म्हणाली, पोरगी उसाच्या पाचटात वाढणार नाही. वडील नेवाशात टेम्पो चालवायला लागले. घोडेगावच्या बाजाराला गाई-म्हशी नेणं-आणणं. आई धुणी-भांडी करायला लागली. वहिनींचा बंगला तिचं पहिलं घर. अजूनही तेच.

मला इंग्लिश मीडियममध्ये लॉटरीत जागा मिळाली. सरकारच्या कायद्याने. वहिनींच्या कृपेने नव्हे. पण ती सवलत आठवीपर्यंतच असते. नववीला वहिनींनी शब्द टाकला, त्यांचे मिस्टर शाळेच्या कमिटीवर होते, आणि मी दहावीपर्यंत त्याच शाळेत राहिले. त्या एका शब्दाखाली आमची मान कायमची गेली. पापड लाटायचे, बोलव सुमनला. माळा झाडायचाय, बोलव सुमनला. हौद उपसायचा तर सुमनशिवाय कुणी नाहीच.

त्या केकच्या दुसऱ्या दिवशी वर्गात मी बाकावर बसले तेव्हा पुढच्या मुलीने नाक धरलं. मग तिच्या शेजारणीने. ईशाने धरलं नाही. ती वहीत काहीतरी लिहीत राहिली. व्हिडिओ तिच्याच घरात काढलेला होता आणि तो सगळ्यांनी बघितला होता, हे आम्हां दोघींनाही माहीत होतं. त्यानंतर तीन वर्षं माझं नाव "फिश" होतं.

शाळेत मी मराठी बोलायला घाबरायचे. वस्तीत इंग्लिश शब्द तोंडातून निघाला की पोरी म्हणायच्या, "आली बघा मडम." असं करत करत मी दोन्हीकडे गप्प झाले. गप्प राहणारी मुलगी सगळ्यांना आवडते. "किती शांत आहे तुमची मुलगी," वहिनी म्हणायच्या. आईला त्याचा अभिमान वाटायचा.

*

हौद उपसण्याची आईची पद्धत होती. कुणी शिकवली नव्हती. पहिल्या वर्षी दोन मासे मेले होते, त्यावरून ती शिकली.

आदल्या दिवशी नळाचं पाणी उघड्या ड्रममध्ये भरून उन्हात ठेवायचं. त्यातलं औषध उडून जातं. दुसऱ्या दिवशी मच्छरदाणीच्या तुकड्याने मासे धरायचे आणि हौदातल्याच पाण्याने भरलेल्या टबात सोडायचे. मग वरचं जुनं पाणी पिंपात काढून ठेवायचं, निदान तिसरा हिस्सा. ते फेकायचं नाही. खालचा गाळ घमेल्याने उपसून केळीच्या बुडाशी टाकायचा. फरशी घासायची, पण कडेच्या दगडांना हात लावायचा नाही. त्यांच्यावरचा हिरवा थर तसाच ठेवायचा. शेवटी आधी जुनं पाणी ओतायचं आणि मग त्यात हळूहळू नवं.

"इरजन असतंय ते," आई म्हणायची. "दुधाला इरजन लागतं तसं नव्या पाण्याला जुनं पाणी लागतं. त्याबिगर पाणी जित्तं होत न्हाई."

पुढे मी अहिल्यानगरला कॉलेजला गेले, प्राणिशास्त्र घेतलं. दुसऱ्या वर्षाला मत्स्यपालनाचा एक भाग होता. पाण्यातले उपयोगी जिवाणू, क्लोरीन, माशांचे कल्ले. पुस्तक वाचताना मला हसू आलं. आईचंच सगळं होतं त्यात. फक्त विरजण हा शब्द नव्हता.

*

गेल्या उन्हाळ्यात मी सुट्टीला घरी आले होते. आईचा गुडघा सुजला होता. त्याच आठवड्यात ईशाच्या दादाला बघायला मुलीकडची मंडळी येणार होती. चहापाणी मागच्या लॉनवर, हौदाशेजारी. वहिनींचा सकाळी फोन आला. आजच्या आज हौद चकाचक पाहिजे. मंडळी चारला येणार.

आईबरोबर मी गेले. सहा वर्षांनी त्या हौदात उतरले. या वेळी गाळात एक प्लास्टिकची समई निघाली, पूजेची फुलं निघाली, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या मेणबत्त्या. गाळ तसाच होता. वासही तसाच.

वहिनी बाहेर आल्या. ईशाही आली. तीही सुट्टीला आली होती. मला बघून तिने "हाय" म्हटलं. मी मान हलवली.

"सुमन, या वेळी सगळं पाणी काढून टाक. तळाचं डिझाईन दिसलं पाहिजे."

"वहिनी, समदं न्हाई काढत मी कदी. तिसरा हिस्सा ठिवावा लागतो. न्हाई तर मासे दम धरायचे न्हाईत."

"अगं, घाण पाण्यातच चांगलं पाणी ओतलं तर ते चांगलं राहील का?"

"इरजनासारखं असतंय ते, वहिनी."

"ईशा, ऐकलंस? इरजन म्हणे! हौदाचं दही लावणार ही." वहिनी खूप हसल्या. ईशाही हसली. आई पण थोडी हसली. मालक हसला की हसावं लागतं.

आई जुनं पाणी पिंपात भरायला लागली. वहिनी पुन्हा आल्या. पिंप बघितलं. "हे काय? मी काय सांगितलं?"

"वहिनी, आयका माजं. मंडळी येऊन जाऊ द्या. मासे टबात ऱ्हाऊ द्या आजच्या दिवस. उद्याच्याला भरते मी, पाणी उन्हात ठिवून. आज नको."

"म्हणजे पाहुण्यांसमोर रिकामा हौद आणि टबात मासे? डोकं आहे का तुला?"

त्यांनी स्वतः पिंप लवंडलं. जुनं पाणी लॉनवर पसरलं. मग त्यांनी नळाचा पाईप आणून हौदात टाकला.

आईने पाईपावर हात ठेवला. तिसऱ्यांदा म्हणाली, "वहिनी, नको. आज नळाला औषधाचा लई वास हाय. नको."

"तू मला शिकवू नकोस, सुमन. एवढं कळत असतं तर दुसऱ्याचे हौद धूत बसली असतीस का?"

आईने हात काढला.

तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं.

मी तीन हातांच्या अंतरावर बादली घेऊन उभी होते. क्लोरीनने माशांच्या कल्ल्यांचं काय होतं ते मी परीक्षेत लिहिलं होतं. वाक्य तयार होतं. दोन्ही भाषांत तयार होतं. वहिनींनी कदाचित माझं ऐकलंही असतं. आईचं नाही, पण इंग्लिशमधून बोलणाऱ्या मुलीचं ऐकलं असतं.

मी बादली रिकामी करायला केळीकडे गेले.

*

हौद भरला. पाणी निळं, काचेसारखं. तळावरचं कमळाचं डिझाईन दिसायला लागलं. आईने मासे सोडले. वहिनींनी टबातलं जुनं पाणीही लगेच ओतून टाकायला लावलं. वहिनी म्हणाल्या, "बघ, किती छान दिसतंय. उगाच किटकिट करत होतीस."

तासाभरात पहिला मासा वर आला. तोंड पाण्याबाहेर काढून हवा प्यायला लागला. मग दुसरा. मग एक नारिंगी मोठा मासा कुशीवर झाला, सरळ झाला, पुन्हा कुशीवर झाला. आई पळाली. दुखऱ्या गुडघ्याने. धुण्याच्या दगडामागून तिने एक बादली आणली. झाकलेली. जुन्या पाण्याची बादली. पिंप लवंडायच्या आधीच तिने ती कुणाला न सांगता बाजूला ठेवली होती. विरजणापुरतं ठेवावं तशी.

तिने हाताला लागतील ते मासे त्यात टाकले. बादली ती केवढी. दोन जगले. बाकी सगळे दुपारी दोनच्या आत तरंगले.

वहिनी आल्या. हौद बघितला. बादली बघितली.

"ही बादली कधी ठेवलीस?"

"मगाच."

"म्हणजे तुला माहीत होतं. माहीत असून सोडलेस ना मासे? मुद्दाम केलंस?"

आईचं तोंड उघडं राहिलं. मी ते तोंड कधी विसरणार नाही. माशांसारखं. नुसतं उघडत होतं आणि मिटत होतं.

वहिनींनी नवे मासे मागवायला, आधीचे ज्याच्याकडून आणले होते त्याला फोन लावला. त्याला मराठी येत नव्हतं. काय घडलं ते इंग्लिशमध्ये लिहून पाठवा, मग बघू, असं तो म्हणाला. वहिनींनी मोबाईल माझ्यासमोर धरला. ईशा शेजारीच उभी होती, तिला नाही दिला. मला दिला.

"तुझं इंग्लिश चांगलं आहे ना. लिही. आमच्या कामवालीने आम्हाला न विचारता सगळं पाणी बदललं, त्यामुळे मासे मेले. नीट, सभ्य भाषेत लिही. आमच्या साहेबांनाही तोच मेसेज पाठवायचाय."

मी मोबाईल घेतला. हात ओले होते, शर्टाला पुसले. आणि माझा अंगठा चालायला लागला. सांगितलं की करायचं, ही सवय. आठवीत होती तीच.

"अवर मेड."

दोन शब्द टाईप झाले आणि मी ते वाचले.

मी माझ्या आईला "आमची कामवाली" लिहिलं होतं. माझ्या हाताने. त्यांच्या "आम्ही"मध्ये मी स्वतःला बसवलं होतं आणि आईला बाहेर उभं केलं होतं. ती माझ्यापासून दोन पावलांवर मेलेले मासे घमेल्यात गोळा करत होती. मासा हातातून निसटला की पुन्हा हळूच उचलत होती, जिवंत असल्यासारखा.

मी ते दोन शब्द खोडले. मोबाईल झोपाळ्यावर ठेवला.

"मी लिहिणार नाही."

"काय?"

"आई नको म्हणाली होती. तीनदा. तुम्ही इथेच होतात. ईशाही होती."

आवाज इतका बारीक आला की मलाच ऐकू आला की नाही, शंका वाटली. पण वहिनींना ऐकू आला. त्यांचा चेहरा लाल झाला.

"ईशा?" मी म्हटलं.

ईशाने नखांकडे बघितलं. मग झोपाळ्यावरचा मोबाईल उचलला आणि मेसेज तिने लिहिला. दोन मिनिटंही लागली नाहीत.

"आमच्यामुळे बोलायला शिकलीस," वहिनी म्हणाल्या, "आणि आमच्यावरच उलटलीस. शेवटी जात दाखवलीस."

मला वाटलं आता आई काहीतरी म्हणेल. आई उठली. ओले हात जोडले. हातांना खवले चिकटले होते.

"वहिनी, पोरगी हाय. चुकली ती. माझ्याकडं बघून माफ करा." मग माझ्याकडे वळून, "माफी माग."

मी मागितली नाही. मी मागच्या दाराने बाहेर पडले.

याला मी धाडस म्हणत नाही. आईला तिथेच टाकून मी बाहेर पडले. ती मागे राहिली. तिने राहिलेले मासे काढले, हौदाचा काठ पुसला, चहाचे कप धुतले. मी रस्त्याच्या पलीकडे बाभळीखाली उभी राहिले. चारला मुलीकडच्यांच्या गाड्या आल्या. अत्तराचा वास आला. आतून हसण्याचे आवाज आले. मला आत जाता येत नव्हतं आणि घरी जाता येत नव्हतं.

आई साडेसहाला बाहेर आली. आम्ही चालायला लागलो. ती गुडघा सांभाळत चालत होती. मग म्हणाली, "ते दोन मासे जगले. पाव्हन्यांनी बघितले. छान हायेत म्हनले."

मी म्हटलं, "आई, तू हात का जोडलेस? तू बरोबर होतीस."

ती थांबली. गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली.

"मला बोलता येत न्हाई असं वाटतं व्हय तुला? मी तीनदा बोलले. कुनी आयकलं?"

"मी बोलायला पाहिजे होतं."

"व्हय," ती म्हणाली. "मी तुझ्याकडंच बघत हुते."



*

चौथ्या दिवशी वहिनींचा निरोप आला आणि आई कामावर गेली. तेच दार, तोच पालथा ग्लास. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "गुडघा घेऊन दुसरीकडं कोन ठिवनार मला?" त्या घरात माझ्या बोलण्याने काही बदललं नाही. नवे मासे आले. मेसेज त्या मासेवाल्याच्या आणि साहेबांच्या मोबाईलमध्ये असेल अजून. त्यात माझ्या आईला अडाणी आणि खोटारडी ठरवलेलं असेल, सभ्य भाषेत.

तो मेसेज मी त्या दिवशी लिहिला नाही. आज लिहिते.

मासे नळाच्या पाण्याने मेले. ते पाणी माझ्या आईने सोडलं नाही. ती तीन वेळा नको म्हणाली. जुनं पाणी मालकिणीने लवंडलं. तिची मुलगी तिथे होती, तिने बघितलं. मी पण तिथे होते. मला सगळं माहीत होतं. मी गप्प बसले. जे दोन मासे जगले ते आईने चोरून ठेवलेल्या एका बादलीमुळे जगले.

हे मी मराठीत लिहिलं आहे. इंग्लिशमध्येही लिहिणार आहे, आणि कुणी घमेलं हातात धरून उभं राहा म्हटलं म्हणून नाही.

दसऱ्याच्या आधी हौद पुन्हा उपसायचा आहे. काल आईला म्हटलं, मी येते तुझ्याबरोबर.

"तू नको येऊ," ती म्हणाली. "तू बोलशील."

"म्हणूनच येते."

ती भाकरी थापत राहिली.

मी जाणार आहे. हौदात उतरणार आहे, गाळ उपसणार आहे. त्या गाळाची मला लाज नाही. आई पहिल्यांदा नको म्हणेल तेव्हा दुसरं नको माझं असेल. काम गेलं तरी असेल. तिला तिसऱ्यांदा म्हणावं लागणार नाही.